पोहता न येणाऱ्यांचं स्नॉर्केलिंग आणि कायाकिंग : बडोदेकरांनो, अनुभव लिहा

नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळं घर अंदमानला निघालोय. हॅवलॉक आणि नील, म्हणजे आताचे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, इथेच जास्त मुक्काम. लेकाला कायाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवायचीय. लेकीला स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत मासे बघायचेत. सासूबाई 'मी आपली काठावर बसेन' म्हणतात, पण मनातून त्यांनाही उतरायचंय. मुलं लालबागच्या पूलमध्ये पोहायला शिकलीत, आम्ही मोठे मात्र शून्य. हॉटेलांचे दर नकोत, ते कुठेही मिळतात. पाण्यात उतरल्यावर काय होतं ते लिहा.

दांडिया बाजारातली मावशी
पोहता येत नसेल तरी चालतं. लाइफ जॅकेट असतं, हातात रबरी रिंग असते आणि गाइड ती ओढत नेतो. अडतं ते श्वासापाशी. मास्कमध्ये नाक बंद, श्वास फक्त तोंडाने. हे ऐकायला सोपं आहे, पण तोंड पाण्यात गेलं की नाक आपोआप ओढायला लागतं आणि जीव घाबरा होतो. म्हणून मास्क आणि नळी आधीच विकत घ्या आणि घरी पाण्याने भरलेल्या टबात तोंड घालून सराव करा. आमच्याकडे हे चाललं होतं तेव्हा कामवाल्या बाई दारातच थबकल्या होत्या!

एलिफंट बीचला हॅवलॉकच्या जेट्टीवरून बोटीने जातात, साधारण वीस मिनिटं. काठावर २००४ च्या सुनामीत उन्मळलेली झाडं अजून आडवी पडलेली दिसतात. पाण्यात कान बुडले की कोणी चणे फोडतंय असा कटकट आवाज येतो. तो मुख्यतः नांगी वाजवणाऱ्या चिमुकल्या कोळंब्यांचा, आणि त्यात भर पोपटमाशांची. चोचीसारख्या दातांनी ते प्रवाळ खरवडत असतात, आणि तेच पोटात दळून पांढरी वाळू बाहेर टाकतात. माझ्या समोरच एकाने टाकली, धुरासारखी. मी नळीतूनच ओरडले. आणि हो, पाण्याखाली सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे परत आल्यावर माशांची मापं सांगताना जरा आवरतं घ्या.

मिशीवाला, मांजलपूर
मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी झिरपणारच. व्हॅसलीन लावून थोडा फरक पडतो. बायकोने सुचवलेला दुसरा उपाय मी मनावर घेतला नाही.

अलकापुरीची लेक
बाबा आणि मी दोन जणांची कायाक घेतली होती. जड आणि ताकदवान माणूस मागे बसतो, दिशा तोच सांभाळतो. पुढच्याने फक्त ताल द्यायचा. बाबा पुढे बसून हुकूम सोडत होते, त्यामुळे आम्ही तिवरांच्या मुळांत शिरलो. तिथून गाइडने ओढून बाहेर काढलं. जागा बदलल्यावर मात्र मजा आली. वल्हं हातांनी ओढू नका, कंबरेतून वळा, नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदे बोलतात.

रात्रीची फेरी जमली तर अमावास्येच्या आसपास घ्या. वल्हं फिरलं की पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात. चांदणं असलं की फारसं दिसत नाही. तिवरांत जायचं तर मगरींबद्दल स्थानिकांना विचारूनच. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात खरोखर आहेत, त्या पाट्या शोभेच्या नाहीत.

वाघोडियाची आई
माझी तक्रार आहे. आमच्या गाइडला फोटोंचीच घाई. मुलांना थेट प्रवाळावर उभं करून 'इधर देखो' चाललं होतं. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राणी आहेत, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. शिवाय पाय कापतो तो वेगळाच. बोटीत बसण्याआधीच बजावून ठेवा. पाठ उन्हाने भाजते, तेव्हा मुलांना पूर्ण बाह्यांचे लायक्राचे कपडे घाला.

कारेलीबागचे आजोबा
भरती-ओहोटी बघितल्याशिवाय दिवस आखू नका. आपण कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली गेलेलं बघतो, तरी समुद्रावर गेलो की घड्याळ विसरतो. नीलला दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो आणि भरतपूर किनाऱ्यावर स्नॉर्केलिंगला भरती लागते. एकाच दिवसात दोन्ही जमतं, फक्त क्रम भरतीच्या वेळा ठरवतात. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी झोपायचं नाही.

इतक्या लांब जायचं नसेल त्यांच्यासाठी : जामनगरजवळ सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ सालचं, देशातलं पहिलं. तिथे नराराला ओहोटीत गाइडबरोबर चालत प्रवाळ बघता येतात. कपडे घोट्यापर्यंतच भिजतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! आजोबांचं वाचून सासूबाई नराराच बरं म्हणायला लागल्यात. दोन प्रश्न उरले. चष्मा आणि सासूबाईंची कवळी?

दांडिया बाजारातली मावशी
नंबरचे मास्क मिळतात, आधी विचारून ठेवा. कवळी घट्ट असेल तर राहू द्या, सैल असेल तर काढून डबीत. आमच्या आईंनी काढली आणि नळी ओठांनी धरली. मास्कमुळे फोटोत काही कळत नाही. लीलो चेवडो मात्र कवळी परत लावल्यावरच द्या.