शब्दचर्चा : ‘लोकल होस्ट’ला मराठीत काय म्हणावे?

निपाणीहून :

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात नेटवर्कवरील रहदारीवर लक्ष ठेवण्यासाठी एनटॉपएनजी ही संगणक-प्रणाली बसवली आहे. ती कशी लावावी आणि तिचा पडदा कसा वाचावा, याचे टिपण मी कर्मचाऱ्यांसाठी मराठीत लिहीत आहे. त्यात पानोपानी ‘लोकल होस्ट’ येतो. त्याला ‘स्थानिक यजमान’ असा प्रतिशब्द सुचवण्यात आला आहे. तो वापरावा काय?

बेळगावहून :

वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या भागात ‘यजमान’ म्हटले की घरधनी किंवा नवरा आठवतो. कन्नडमध्येही ‘यजमानरु’चा अर्थ तोच, त्यामुळे टिपण वाचणाऱ्या दुभाषी कारकुनाला हा शब्द दोन्ही बाजूंनी हसवील. तिथला ‘आतिथेय’ही उपयोगाचा नाही, कारण येथे पाहुणचाराचा काही संबंध नाही. जाळ्यावर स्वतःचा पत्ता असलेले कोणतेही यंत्र म्हणजे होस्ट, एवढाच येथे अर्थ आहे.

खरी अडचण मात्र ‘स्थानिक’ या शब्दात आहे. हा शब्द वाचकाच्या मनात जागा उभी करतो आणि या प्रणालीला जागेशी काही देणेघेणे नाही. समजा, आपली खानापूरची शाखा व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीने, निपाणीला जोडलेली आहे आणि तिची पत्तेश्रेणी आपण सेटिंगमध्ये नोंदवली आहे. तर तिथला संगणक ‘लोकल’ ठरेल आणि भिंतीपलीकडच्या दुकानातला ठरणार नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एम’ या पर्यायापुढे ज्या श्रेणी लिहाव्यात, त्या लोकल. १९२.१६८.१.०/२४ असे लिहिले तर त्यात २५६ पत्ते येतात आणि त्यांतले २५४ यंत्रांना देता येतात. (टिपणात अंक देवनागरी असले तरी फाइलमध्ये ते इंग्रजीच टंकावेत, अशी सूचना अवश्य घाला.) वसुली विभागाला १९२.१६८.२ ने सुरू होणारे पत्ते दिलेले असतील आणि ती श्रेणी नोंदवायची राहिली असेल, तर त्याच इमारतीतली ती यंत्रे पडद्यावर ‘रिमोट’, म्हणजे लोकल नसलेली, म्हणून दिसू शकतात. हे केवळ नावापुरते नाही, कारण कोणत्या यंत्राने कधी किती डेटा वापरला याचा कालानुक्रमी आलेख लोकल होस्टचाच साठवला जातो. म्हणून मी ‘आपल्या जाळ्यातले होस्ट’ असे लिहीन आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘आपले’ म्हणजे ‘सेटिंगमध्ये नोंदवलेले’, असा खुलासा करीन.

‘रहदारी’ ठेवा. पुणे-बंगळूर हमरस्त्यावर राहणाऱ्या निपाणीकरांना तो शब्द कुणी शिकवायला नको.

खानापूरहून :

‘आपल्या जाळ्यातले’ मान्य आहे. मात्र वरच्या मजकुरात ‘संगणक’ आणि ‘यंत्र’ हे शब्द आलटूनपालटून आले आहेत, ते टाळावे. मुद्रक, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, हजेरीचे बोटठसा-यंत्र आणि खिशातला मोबाइल हे सगळेच होस्ट असतात. त्याहून बारीक गोष्ट अशी की, पडद्यावरची एक ओळ म्हणजे एक यंत्र असेलच असे नाही. सभागृहातल्या वायफाय राउटरवर पत्ता-बदल (आतल्या यंत्रांच्या पत्त्यांऐवजी स्वतःचा पत्ता लावणे) चालू असेल, तर त्यामागचे सगळे मोबाइल एकाच पत्त्याने दिसतात. उलट, पत्ते आपोआप वाटले जात असतील, तर एकच मोबाइल आज एका पत्त्यावर आणि उद्या दुसऱ्या पत्त्यावर दिसू शकतो. दुसऱ्या प्रकारासाठी आयपी, म्हणजे जाळ्यावरच्या पत्त्याऐवजी मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या नेटवर्क-ओळखक्रमांकावरून, यंत्र ओळखण्याची सोय आहे. पहिल्या प्रकाराला मात्र राउटरच्या अलीकडून पाहून इलाज नाही. तेव्हा ‘होस्ट’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवणे मला बरे वाटते. मराठी प्रतिशब्द वाचकाला एखादी वस्तू दाखवील आणि इथे तर नुसता पत्ता दिसतो.

आणखी एक. जोडून लिहिलेला ‘लोकलहोस्ट’ आणि तोडून लिहिलेला ‘लोकल होस्ट’ उच्चारात सारखेच वाटतात, पण ते वेगळे आहेत. पहिला म्हणजे १२७.०.०.१, अर्थात ज्या संगणकासमोर आपण बसलो आहोत तोच. एनटॉपएनजीचा पडदा सहसा ३००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे पत्त्यापुढे लिहायच्या दारक्रमांकावर, उघडतो. टिपणात ‘लोकलहोस्टवर जा’ एवढेच लिहिले, तर व्यवस्थापक आपल्या टेबलावरून तसे टंकतील, त्यांचा संगणक ती प्रणाली स्वतःमध्येच शोधील आणि पान काही उघडणार नाही.

निपाणीहून :

दोघांच्याही सूचना पटल्या. टिपणात आता असे लिहितो : ‘सेटिंगमध्ये ज्या पत्तेश्रेणी नोंदवल्या आहेत, त्यांतल्या प्रत्येक पत्त्याला आपल्या जाळ्यातला होस्ट म्हणावे, बाकीचे सगळे बाहेरचे होस्ट. पडदा पाहण्यासाठी ज्या संगणकावर प्रणाली बसवली आहे, त्याचा आयपी पत्ता आणि त्यापुढे पोर्टचा क्रमांक टंकावा.’ ‘लोकलहोस्ट’ हा शब्द टिपणातून काढूनच टाकला आहे. ‘रिमोट’साठी ‘दूरस्थ’ लिहिले होते. पण शेजारचे दुकान दूर नाही, म्हणून तेही बदलले.

बेळगावहून :

‘बाहेरचे’ उत्तम. फक्त स्विचवरच्या, म्हणजे कार्यालयातल्या नेटवर्कच्या तारा जिथे जोडतात त्या पेटीवरच्या, मिरर पोर्टचाही उल्लेख करा (इथे पोर्ट म्हणजे तार जोडायची खाच). त्या पोर्टवर इतर पोर्टांच्या रहदारीची प्रत येत नसेल, तर प्रणालीला स्वतःच्या संगणकाची रहदारी आणि सगळ्यांना उद्देशून पाठवलेले संदेश एवढेच दिसतील, आणि नोंदवलेल्या श्रेणी अचूक असूनही यादी रिकामी का, असे लोक तुम्हालाच विचारतील.