प्रतिसाद: सेन्सिटिव्हिटी आणि मसल मेमरी
नेमबाजीच्या गेममध्ये 'माऊसची सेन्सिटिव्हिटी (माऊस हलवला की नेम किती सरकतो ते) बदलली की मसल मेमरी, म्हणजे हाताला बसलेली सवय, जाते' असं वर एकाने लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. सामन्याआधी बदलू नये, कबूल. पण कोव्हाक्स या नेमाच्या सरावाच्या प्रोग्रामवर ट्रॅकिंग (हलत्या लक्ष्यावर नेम धरून ठेवणं) घोटणारे बरेच जण ती मुद्दाम बदलतात, मनगट आणि दंड दोन्ही कामाला लागावेत म्हणून.

माझं माऊसचं डीपीआय (माऊस हालचाल किती बारीक मोजतो तो आकडा) ८००, व्हॅलोरंट गेममध्ये सेन्सिटिव्हिटी ०.४, म्हणजे गेममध्ये पूर्ण गिरकी घ्यायला माऊस साधारण ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो. वर्षभर हाच आकडा, तरी जुलैत स्कोअर गडगडला. सगळी सेटिंग्ज उलटीपालटी करून पाहिली. निघालं काय, तर माऊसखालचं कापडी पॅड! दमट हवेत त्यावर माऊस जड सरकतो, त्यात घामाने हात चिकटतो. आता लांब मोज्याचा पंजा कापून तो हातात चढवतो. घरचे हसतात, पण क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) अडकत नाही.