आमची वाई कधी बिहार, तर कधी तमिळनाडू: चित्रपटगप्पांचे अनुभव

सातारा-सांगलीकडे चित्रपटावरच्या गप्पा कथेपेक्षा कथेमागच्या जागेवरच अधिक रंगतात, आणि त्याला कारणही तसेच आहे. ‘गंगाजल’मधले बिहारचे तेजपूर, ‘स्वदेस’मधले उत्तर प्रदेशातले चरणपूर, ‘दबंग’मधले लालगंज आणि ‘चेन्नई एक्सप्रेस’मधले तमिळ गाव, या साऱ्यांसाठी वाई-मेणवली परिसरात चित्रीकरण झाले. शाहरुख खानला २००४ मध्ये उत्तरेत आणि २०१३ मध्ये दक्षिणेत धाडताना निर्मात्यांनी दोन्ही वेळा वाईलाच आणले, हा आमच्याकडचा जुना विनोद. कलाकारांबरोबरच्या छायाचित्रांच्या आठवणी पुष्कळ झाल्या. येथे घरी, पारावर किंवा एसटीत रंगलेली थट्टा तेवढी लिहावी, ही विनंती.

वाईहून, एक शिक्षिका

आमच्या घरी ‘गंगाजल’ अनेकदा लागला, पण त्याची गोष्ट सलग कळली असे एकदाही झाले नाही. पडद्यावर जमाव खवळलेला असतो, पोलीस धावत असतात, आणि नेमके त्याच वेळी मामंजी खुर्चीतून पुढे सरकून म्हणतात, “अगं, हे तिकडं कुठं निघालेत? पुढं वाट बंद आहे, गिरणी लागंल.” पुढच्या क्षणी तेच पोलीस नदीच्या घाटावर दिसले, की त्यांचा संताप अनावर होतो, कारण एका आळीतून निघालेला माणूस मधली बाजारपेठ न ओलांडता ढोल्या गणपतीपाशी पोहोचूच शकत नाही, हे त्यांना आयुष्यभराच्या पायपिटीने ठाऊक आहे. सासूबाईंचे लक्ष मात्र कोणाच्या वाड्याला नवा रंग दिला आहे याकडे असते. खलनायकाचे शेवटी काय होते, हे मला कामावरच्या एका सहकाऱ्याकडून समजले.

पाटणहून, वीज खात्यातील निवृत्त कर्मचारी

‘स्वदेस’चा नायक अमेरिकेतल्या नासातून येतो आणि गावकऱ्यांना एकत्र करून पाण्यावर वीज तयार करतो. चित्रपट उत्तमच आहे. परंतु १,९६० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचे कोयना धरण ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात येऊन पाण्यावर वीज होते हे नासाच्या माणसाने समजावून सांगावे, ही गोष्ट आमच्या कार्यालयात कोणालाच पचेना. “साहेब, चरणपूरचा दिवा लागला का?” असे आम्ही एकमेकांना येता-जाता विचारत असू. पुढे भारनियमनाच्या दिवसांत गावातली माणसे तोच प्रश्न दारात येऊन आम्हाला विचारू लागली, तेव्हा त्यातली गंमत आपोआप कमी झाली.

कराडहून, भूगोलाचे प्राध्यापक

विद्यार्थ्यांना दख्खनचे पठार शिकवताना मला ‘दबंग’चा फार उपयोग होतो. गंगेच्या गाळाच्या सपाट मैदानात वसलेल्या लालगंजमागे लाव्हाच्या थरांचे, सपाट माथ्याचे डोंगर कसे उगवले, एवढाच प्रश्न मी विचारतो. मुले हसतात, पण बेसॉल्ट मात्र लक्षात ठेवतात.

मेणवलीहून, शेतकरी

मी एका हिंदी चित्रपटाच्या गर्दीत होतो. आम्हा गावकऱ्यांना टोप्या काढून गळ्यात गमछा घालायला सांगितले, तेव्हा भलतीच अडचण उभी राहिली. जन्मभर पांढरी टोपी घातलेल्या म्हाताऱ्यांची कपाळे वरून गोरी आणि भुवयांपासून खाली रापलेली निघाली. रंगभूषा करणारा मुलगा डबी घेऊन एकेकाचे कपाळ काळे करत बसला आणि आमचे तात्या त्याला सांगत होते, “बाळा, लग्नातबी मला एवढी हळद लागली न्हवती.” तोंड उघडायचे नाही अशी सक्त ताकीद होती, ती योग्यच म्हणावी लागेल, कारण बैल उधळल्यावर सगळ्यांच्या तोंडून एकदम जे निघाले ते बिहारमध्ये कोणी म्हणत नसावे. चित्रपटात आम्ही डोळ्याचे पाते लवेपर्यंत दिसतो. तात्यांना मात्र गावात अजून ‘बिहारी’ म्हणतात आणि ते ओही देतात.

सांगलीहून, नाट्यगृहाच्या जुन्या प्रेक्षक

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगवले ते आमच्या सांगलीत, त्यामुळे चित्रपटाची गर्दी खेचणाऱ्या वाईकरांकडे आम्ही जरा वरच्या पट्टीतूनच पाहतो. वाईला माहेर असलेल्या माझ्या जावेशी यावरून कायम जुंपते. कृष्णामाईने आमच्याकडे गंगेची भूमिका केली, तुमच्याकडे काय केले, असे ती विचारते. वाईच्या घाटावर अभिनय करून दमलेले पाणीच आयर्विन पुलाखाली येते आणि पावसाळ्यात आमच्यावर राग काढते, असे मी तिला सुनावले. त्यावर ती म्हणाली, “मानधन बुडवलं असेल कुणीतरी, वसुलीला येत असेल.”