पोरीचा फोन काढून घेतला, आता ती बोलेनाच झालीय. परत देऊ का?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं सुताचे भाव नाहीतर जीएसटीवर लिहितो. आज घरातलं विचारायलोय. चुकीच्या विभागात पडलं असेल तर ॲडमिननी हलवावं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे आठ माग आहेत, टॉवेल काढतो. मुलगी 17 वर्षांची, बारावी सायन्स, नीटची तयारी. सकाळी साडेसहाला क्लास, कॉलेज नावापुरतं. दर रविवारी टेस्ट, 180 प्रश्न, 720 मार्क, एक उत्तर चुकलं की एक मार्क वजा. रात्री साडेनऊला सगळ्यांच्या रँकची पीडीएफ ग्रुपवर येते. पोरांच्या ग्रुपवर वेगळी, पालकांच्या ग्रुपवर वेगळी. नावासकट.

दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं. मग 468 वरून 430, 430 वरून 391. एकदा रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर हिच्या पांघरुणातून उजेड. चादर आपल्या गावची, चांगली जाड, तरी उजेड दिसतोच. ओढली चादर. मला वाटलं रील नाहीतर कुणा पोराशी चॅटिंग. तसलं काही नव्हतं. स्क्रीनवर एक अनोळखी मुलगी टेबलाशी बसून अभ्यास करत होती, बाजूला घड्याळ, वर लिहिलेलं ‘आजचे 14 तास’. म्हणजे माझी पोरगी रात्री दोनला दुसऱ्याच्या पोरीचा अभ्यास बघायली होती! मला हसावं का रडावं कळेना. फोन घेतला आणि कारखान्यातल्या तिजोरीत टाकला.

त्याला आज 11 दिवस झाले. पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी भांडली, तिसऱ्यापासून गप्प. विचारलं तर ‘हं’ नाहीतर ‘काही नाही’. कडक भाकरी चुरून त्यावर शेंगाचटणी आणि तेल म्हणजे हिचा जीव की प्राण, तेही ताटात तसंच राहतं. रविवारी सकाळी हमखास पोट दुखतं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. आणि परवा गड्ड्याच्या जत्रेला येत नाही म्हणाली. लहानपणापासून पाळण्यात बसायला तीच आम्हाला ओढून न्यायची हो. मी आणि तिचा धाकटा भाऊच जाऊन आलो. त्यानंही पाळण्याचा हट्ट केला नाही.

बायको म्हणते देऊन टाका. माझा भाऊ म्हणतो परीक्षा होईपर्यंत अजिबात देऊ नको. मी मधल्या मध्ये. काय करू?

भोंगा

देऊ नका. आमचं बालपण लक्ष्मी-विष्णू मिलच्या भोंग्यावर गेलं. वडील तिसऱ्या पाळीहून यायचे, घरात एक दिवा, त्याखाली पाच भावंडं. कुणाला डिप्रेशन आलं नाही. चार दिवस फुगून बसेल, पाचव्या दिवशी जेवेल.

हुतात्मा_एक्सप्रेस

भोंगाकाका, पाच भावंडं होती ना, तेच तर. एकटं कुणी नव्हतं.

टॉवेलवाले काका, मी आपल्या सोलापूरचाच, आता पुण्यात सेकंड इयरला. मी एक वर्ष ड्रॉप घेतला होता आणि माझाही फोन गेला होता, म्हणून लिहितोय. फोन गेला की व्हिडिओ जातात हे खरं. पण त्याबरोबर ज्या दोघा-तिघांना रात्री ‘आज माझी पण वाट लागली’ असं लिहिता येतं, तेही जातात. क्लासमध्ये कुणी कुणाला असलं सांगत नाही. तिथं सगळे ‘मस्त गेला पेपर’. खरं बोलणं रात्रीच्या चॅटवर होतं. स्ट्रीक नावाचा एक खुळा प्रकार असतो, दोघांनी रोज एकमेकांना काहीतरी पाठवायचं, 24 तासांत एकानं चुकवलं की तुटतो. माझा मित्राबरोबरचा 300 च्या पुढं गेला होता. मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो. मला तेव्हा तोच एक आकडा असा होता जो कमी होत नव्हता.

अजून एक. क्लासनं पीडीएफ टाकली त्याचं मला एवढं लागलं नाही. माझ्या वडिलांनी ती आमच्या ‘परिवार’ ग्रुपवर टाकली, माझ्या नावाभोवती पिवळा गोल करून. रँक 61. लातूरच्या आत्यानं खाली दोन हात जोडून ‘अजून जोर लाव बाळा’ लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा बाथरूममध्ये होतो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

काका, रागावू नका, एक विचारतो. तुमच्या फोनवर जी पीडीएफ येते, ती तुम्ही पुढं कुठं पाठवता का?

रविवारची_ड्यूटी

दादा, मी मानसोपचार ओपीडीत नर्स आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. निदान मी करणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण फोन द्यावा की नाही हा प्रश्न मला दुसऱ्या नंबरचा वाटतो.

जेवण कमी, बोलणं बंद, आवडीच्या गोष्टीला नकार, ठरावीक दिवशी पोटदुखी आणि रिपोर्ट नॉर्मल. असं दोन आठवडे चाललं तर ‘फुगून बसलीय’ म्हणून सोडायचं नसतं. तुम्ही 11 दिवस मोजलेत, पण मार्क दिवाळीपासून उतरलेत ना? पोटदुखी नाटक नाही. तिला खरंच दुखतं.

तिला सरळ विचारा, जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. पालकांना भीती असते की विचारलं तर डोक्यात शिरेल. शिरत नाही. उलट विचारणारं कुणीतरी आहे हे कळतं. समोरासमोर बसवून विचारू नका, शेजारी बसून विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री काहीच सुचलं नाही तर 14416, टेली-मानस. सरकारी आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, 24 तास, फुकट, मराठीत बोलता येतं. सोलापुरात सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द घरात कुणी काढला तर तिथंच थांबवा. माझा रोख तुमच्या भावाकडे आहे.

झोपेचं तर विचारूच नका. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा सुटतं, म्हणून दहाला त्यांचा डोळाच लागत नाही. त्यात आळस कसला? 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. साडेसहाच्या क्लासला तुमची पोरगी उठते कधी, साडेपाचला? रात्री दोनला जागी होती म्हणता. करा हिशोब. मार्क अभ्यासानं उतरलेत की झोपेनं, हे आधी बघा.

टॉवेलवाला_सोलापूर

सगळ्यांचे आभार. उत्तराला आठ दिवस लागले, कारण हुतात्मावाल्या पोराचा प्रश्न वाचून मी फोन बाजूला ठेवला तो लवकर उचललाच नाही.

होय, पाठवली होती. एकदाच. ऑगस्टमध्ये 22 वी आली होती, छाती फुगली, आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकली. सुताच्या व्यापाऱ्यालाही पाठवली, आता आठवून लाज वाटते. नंतर मी कधीच टाकली नाही, पण दर सोमवारी कुणीतरी ग्रुपवर विचारायचंच, ‘या वेळी कितवी?’ ती त्या ग्रुपमध्ये आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी तिच्या फोनमध्ये चोर शोधायलो होतो.

ताईंनी सांगितलं तसं शेजारी बसून विचारलं. म्हणजे स्कूटरवर, ती मागं. संभाजी तलावाजवळ गाडी बाजूला घेतली, पण मागं वळून बघितलं नाही. शब्द तोंडातून निघता निघेनात. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “मरावंसं नाही वाटत बाबा. पण रविवार येऊच नये असं वाटतं.” मी गाडी चालू केली आणि विनाकारण होटगी रोडपर्यंत जाऊन आलो.

फोन दुसऱ्या दिवशी दिला. माफी मागायची होती, ती नीट जमली नाही. ‘घे, चार्ज केलाय’ एवढंच म्हणालो. अट एकच, रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी. सगळे म्हणजे माझाही. पहिल्या रात्री मीच दोनदा उठलो, टॉवेलच्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला असेल म्हणून. दुसऱ्यांदा बायकोनं पकडलं. पालकांच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. क्लासला जाऊन सांगितलं, हिची रँक हिलाच सांगा. ते म्हणाले पद्धत नाही. बघू, अजून वाद चालू आहे. भावकीच्या ग्रुपवर लिहिलं की यापुढं कुणी विचारायचं नाही. भाऊ रुसलाय.

ती लगेच बोलायला लागली असं नाही. काल भाकरी अर्धी खाल्ली.

सिव्हिलला गुरुवारी जायचं ठरलंय, तीच ‘हो’ म्हणाली. ताई, एवढंच सांगा, डॉक्टरांपुढं मी तिच्याबरोबर आत जायचं की बाहेर थांबायचं?

रविवारची_ड्यूटी

आधी बहुतेक दोघांना आत घेतील, मग तुम्हाला बाहेर थांबायला सांगतील. कुरकुर न करता थांबा. तिला वेळ लागला तर दारातून डोकावू नका. आणि ती बाहेर आली की ‘काय बोललीस’ विचारू नका दादा. भूक लागलीय का विचारा.