सँटोरिनीला कॅटामरानची डे ट्रिप: आईला पोहता येत नाही आणि बोटही लागते, काय करावं?

मुक्ता_प
सप्टेंबरच्या सुरुवातीला ग्रीसला चाललोय, मी, नवरा आणि आई. सँटोरिनीत एक दिवस समुद्रावर घालवायचाय. शंभर माणसं भरलेली मोठी बोट नकोय, दहा-बारा जणांचं कॅटामरान (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) बघतोय, व्लिहादाहून निघून रेड बीच, व्हाईट बीच, गरम पाण्याचे झरे वगैरे करतात ते. पण आईला पोहता येत नाही आणि बोट लागायचीही भीती आहे. शिवाय ती शाकाहारी. सकाळची ट्रिप घ्यावी की सूर्यास्ताची? आणि छोट्या ग्रुपसाठी एवढे जास्त पैसे मोजण्यात खरंच अर्थ आहे का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

दर्याकिनारी
सकाळचीच घ्या, डोळे झाकून. तिकडे उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा असतो, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त पण सप्टेंबरातही येतो, आणि तो बहुतेक वेळा दुपारनंतर चढतो. रेड बीच, व्हाईट बीच, व्लिहादा हे सगळं बेटाच्या दक्षिणेला आहे म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला, तिथे पाणी बऱ्यापैकी शांत मिळतं. खरी हलायला सुरुवात होते ती अक्रोतिरीच्या दीपगृहाला वळसा घालून कॅल्डेरात, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या आणि आता समुद्राने भरलेल्या खोलगट भागात, शिरताना. आईंना तेव्हा मागच्या बाजूला मधोमध बसवा, पुढच्या जाळ्यावर नको, तिथे झोके जास्त आणि खालून पाणीही उडतं. बोट लागायची गोळी निघायच्या आधी द्यायची, मळमळायला लागल्यावर दिली तर फारसा उपयोग नाही (डॉक्टरांना विचारून, बीपी वगैरेची औषधं चालू असतील तर नक्कीच). कॅटामरानला दोन सांगाडे असतात त्यामुळे ते एका सांगाड्याच्या शिडाच्या बोटीसारखं एका कुशीवर कलत नाही, हा मोठा फायदा. पण आडव्या लाटेत तेही हिसके देतं, अजिबात हलत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

अनघा के
आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यांनाही पोहता येत नाही. एक गोष्ट आधीच माहीत असूद्या, बोट बीचवर लागत नाही, थोडं लांब नांगर टाकतात आणि मागच्या शिडीवरून पाण्यात उतरायचं. म्हणजे पोहणारे पोहतात, बाकीचे डेकवर. गरम झऱ्यांचंही तेच, पालिया कामेनी नावाच्या छोट्या बेटाच्या खाडीबाहेर बोट थांबते, तिथलं पाणी गार आणि खोल, तिथून पोहत आत जावं लागतं. निळं पाणी हळूहळू हिरवट होतं मग एकदम गंजासारखं तांबूस, आणि पाय लागतो तो मऊ चिखलाला. उकळतं वगैरे काही नसतं हां, कोमट म्हणा. त्या पाण्यात लोह आणि गंधक आहे, फिकट रंगाचा स्विमसूट घालू नका, डाग जात नाही, चांदीचं काही अंगावर असेल तर काढून ठेवा.

छोट्या ग्रुपचे पैसे मला तरी इथे वसूल वाटले. सासूबाईंना लाईफ जॅकेट घालून, लांब फोमची नळी हातात देऊन क्रूमधल्या मुलीने शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसवलं, पाय पाण्यात, ती स्वतः शेजारी पाण्यात उभी तरंगत होती. किती वेळ बसल्या होत्या त्या! मोठ्या बोटीवर मागे रांग असते, एकीसाठी कोण थांबणार. जेवण बोटीवरच ग्रिल करतात, चिकन, कोळंबी असं, पण बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून लिहून कळवलंत तर सॅलड, त्झात्झिकी (दही-काकडीचं तोंडीलावणं), भात भरलेली द्राक्षाची पानं असं पोटभर मिळतं. त्या पानांत कधी कधी खिमा असतो, तेवढं मात्र विचारून घ्या.

खडकवेडा
पोहण्याचं झालं, पण बघायचं काय तेही लिहितो कारण बरेच जण कॅल्डेरात शिरल्यावर फक्त वरच्या पांढऱ्या घरांचे फोटो काढत बसतात आणि खरी गोष्ट घरांच्या खाली आहे. तो अख्खा कडा म्हणजे ज्वालामुखीचा उभा छेद आहे, काळे लाव्हाचे थर, मध्ये लाल पट्टे, आणि अगदी वर फिकट राखेचा-प्युमिसचा (ज्वालामुखीतून आलेल्या हलक्या सच्छिद्र दगडाचा) जाड थर, तो साधारण ३६०० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाचा. त्याच राखेखाली अक्रोतिरीचं अख्खं गाव गाडलं गेलं, १९६७ पासून तिथे उत्खनन चालू आहे, दुसऱ्या दिवशी आईंना घेऊन जरूर जा, वर छप्पर आहे आणि चालायला पूल केलेत. स्फोटानंतर मधला भाग खचला आणि समुद्र आत आला, तुमच्या बोटीखाली जवळपास ४०० मीटर पाणी असतं काही ठिकाणी. मधलं काळंकुट्ट बेट म्हणजे निया कामेनी, ते १७०७ पासूनच्या उद्रेकांत वर आलं, शेवटचा उद्रेक १९५० चा. माणसांच्या डोळ्यांदेखत तयार झालेली जमीन आहे ही, मला तर तिथून नजर हलवता येत नव्हती. रेड बीचचा लाल रंगही गंजलेल्या लोहाचाच. तिथे दरडी कोसळतात त्यामुळे तो पाण्यातून बघणंच उत्तम.

मुक्ता_प
सगळ्यांचे मनापासून आभार, सकाळचीच ठरली. आईला शिडीचं वाचून दाखवलं तर म्हणाली मीही बसणार. एकच, वारा जास्त असेल तर पैसे परत मिळतात का? आणि २०२५ मध्ये भूकंप झाले होते ना तिकडे?

दर्याकिनारी
वारा ठराविक मर्यादेपलीकडे गेला की तिथलं बंदर खातंच बोटी सोडायला बंदी घालतं, तेव्हा साधारणपणे दुसरी तारीख किंवा पैसे परत देतात, पण बुकिंगच्या अटीत तसं लिहिलेलं आहे का ते बघूनच पैसे भरा. बंदी नसेल आणि नुसता वारा असेल तर कॅप्टन रूट बदलतो, झरे गाळून दक्षिणेलाच फिरवतो, त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून ट्रिप पहिल्याच दिवशी ठेवा, पुढे ढकलायला जागा राहते. भूकंपांची ती मालिका २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाली, सँटोरिनी आणि अमोर्गोसच्या मधल्या समुद्रात, तेव्हा हजारो लोक बेट सोडून गेले होते. नंतर ते शांत झालं आणि पर्यटन परत सुरू झालं. तरी निघायच्या आधी ग्रीसच्या सरकारी सूचना एकदा बघून घ्या.