मुलं वर्गात काय शिकतात ते घरापर्यंत कसं पोचवता? नागपूर आणि आसपासचे अनुभव लिहा

तिसरीची बाई, नंदनवन

जानेवारीत आमच्या वर्गाने झेंड्याच्या खांबाची सावली मोजली. दर दहा मिनिटांनी खडूची रेघ, शेजारी वेळ. सावली बरोबर बाराला सगळ्यांत लहान होणार, यावर अख्ख्या वर्गाचं एकमत होतं. सगळ्यांत आखूड रेघ निघाली बारा-वीसच्या पुढे. मग जो गोंधळ झाला! "घड्याळ चुकलं", "खांब वाकडा आहे", "खडू जाड आहे". एका मुलीने दुसऱ्या दिवशी घरून दुसरं घड्याळ आणलं आणि पुन्हा मोजायला लावलं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताप्रमाणे चालतं आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य इथे उशिरा माथ्यावर येतो, हे त्याचं एक कारण. ते मी नंतर सांगितलं. त्याआधी मुलांनी दोन दिवस जे केलं, ते मला विज्ञान वाटतं.

यातलं पालकांना काय कळलं? काहीच नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आहे, आकारिक नोंदी, म्हणजे वर्षभर मुलाच्या कामावरचे शेरे, आम्ही लिहितोच. पण "निरीक्षणे नोंदवतो" या दोन शब्दांवरून त्या मुलीच्या आईला दुसऱ्या घड्याळाची गोष्ट कशी कळणार? पालकसभेत आई-बाबा येतात, सही करतात, "कितवा नंबर?" विचारतात आणि जातात. त्यांचा दोष नाही. आपण त्यांच्यासमोर दुसरं काही ठेवतच नाही.

म्हणून हा धागा. शिक्षक, पालक, आजी-आजोबा, सगळ्यांनी लिहा. "आमची शाळा उपक्रमशील आहे" एवढंच नको. काय दाखवलं, मूल काय बोललं, घरात पुढे काय झालं, तेवढं लिहा. लांबलं तरी चालेल.

जि. प. शिक्षक, भिवापूरकडचा

ताई, सावलीचा प्रयोग उद्याच करतो.

आमच्याकडे दिवसा पालकसभा बोलावली तर येणार कोण? मिरचीचा हंगाम असला की बायका सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या-निवडायच्या जागी, देठं खुडायला जातात. मजुरी किलोवर असते, त्यामुळे अर्धा दिवस मोडला तर तेवढे पैसे गेले. नोटीस पाठवली तर पुष्कळ घरांत ती वाचून दाखवायलाही शाळेतलंच लेकरू लागतं.

मी उलट बाजूने सुरुवात केली. चौथीच्या मुलांना म्हटलं, घरी विचारून या, आईनं काल किती किलो खुडली आणि किलोमागं काय भाव मिळाला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच गणित. कोणाच्या आईचे पावणेसात किलो, कोणाचे साडेनऊ. पाव-अर्धा-पाऊण ज्या मुलांना पुस्तकातून कधी जमलं नव्हतं, ती हट्टाने मांडू लागली, कारण हिशोब घरचा होता. संध्याकाळी सातनंतर मी प्रत्येकाला माझ्या फोनवर एका मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करायला लावायचो. आईला सांग, आज तू काय मांडलं, कसं मांडलं, कुठं अडकला. तो संदेश घरच्या फोनवर जायचा. आई सातऱ्यावरून आलेली असायची, चूल पेटलेली असायची, ऐकायला डोळे लागत नाहीत.

एका मुलाने संदेशात सांगितलं, "आई, मी पहिले पावणेसातले सात धरलं, मंग उत्तर जास्त आलं, मंग पाव किलोचे पैसे वजा केले." त्याची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. कधी न येणारी बाई. म्हणाली, "सर, मी बी असंच करतो मनातल्या मनात. याले कोणं शिकवलं?" मी तिला तिथंच वर्गात बसवलं आणि तोंडी हिशोब करून दाखवायला लावले. मुलं वहीत मांडून पडताळत होती. बाईचं एकही उत्तर चुकलं नाही. त्या दिवशी मुलानं आईकडं ज्या नजरेनं पाहिलं, ते मी विसरणार नाही.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं आहे. पालकांना "दाखवायचं" एवढ्यावर थांबू नये. त्यांना जे येतं ते वर्गात यायला हवं, म्हणजे वर्गातलं घरी आपोआप जातं.

आई, मानेवाडा

आमची कहाणी वेगळी आहे. मुलगी दुसरीत, इंग्रजी माध्यम. शाळेचं नाव लिहीत नाही. गेल्या वर्षीपर्यंत दर महिन्याला 'प्रोजेक्ट'. सौरमाला, पाण्याचं चक्र, आपले मदतनीस. रात्री अकराला मी आणि तिचे बाबा कार्डशीट कापत बसायचो आणि मुलगी शेजारी झोपलेली. सीताबर्डीत स्टेशनरीच्या दुकानात असे तक्ते तयारच मिळतात, थोडे पैसे जास्त दिले की नावही लिहून देतात. प्रदर्शनाच्या दिवशी सगळे तक्ते इतके देखणे की पहिलीच्या मुलांचा हात कुठे लागलाय हे शोधावं लागे. आम्ही पालक एकमेकांच्या मुलांचं कौतुक करत फिरत होतो आणि मुलं बाजूला उभी.

यंदा वर्गशिक्षिका बदलल्या. त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं, घरून काहीही करून आणायचं नाही. जे होईल ते वर्गात, घरातल्या रिकाम्या डब्या-खोक्यांतून. आणि प्रदर्शनात तक्त्यासोबत मुलांनी फेकलेले, फसलेले कागदही लावायचे. मुलीने चिंचेच्या बियांची रोपं केली होती. चार डबे, त्यातल्या दोनांत काहीच उगवलं नव्हतं. तेही तिने मांडले होते! मला हात धरून नेलं आणि सांगितलं, "या डब्यात पाणी फार झालं, खाली भोक नव्हतं. यात पाणी घालायचं राहिलं, कारण सुट्टी होती." इतकं सलग ती माझ्याशी शाळेबद्दल कधी बोलली नव्हती. उगवलेल्या दोन डब्यांबद्दल तिला सांगायला फार काही नव्हतंच.

शाळांना माझी कळकळीची विनंती आहे, घरी करायचे प्रकल्प बंद करा. त्यातून पालकांना फक्त कात्री चालवता येते हे कळतं.

आजी, महाल

माझा नातू पहिलीत आहे. मला टाइप करता येत नाही, सून लिहून देते आहे.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याच्या आधी शाळेतून निरोप आला, घरात लाकडी नंदी असेल तर आजी-आजोबांनी घेऊन यावं. आमचा नंदी माझ्या सासऱ्यांच्या लहानपणचा, चाकं दोनदा बदलली. मी घेऊन गेली. वर्गात पंचवीस-तीस पोट्टे गोल करून बसले होते आणि मले प्रश्न विचारून राहिले होते. "आजी, तुमच्या वेळी बोजारा किती भेटे?" बोजारा म्हणजे नंदी घेऊन घरोघर गेल्यावर मिळणारे पैसे-खाऊ. म्या सांगतलं, पाच पैसे, दहा पैसे. लय हसले. मग बाईंनी नंदीची उंची पट्टीने मोजायला लावली, कोणाचा वीतभर, कोणाचा गुडघ्याएवढा. सगळ्यांत उंच नंदीपासून सगळ्यांत ठेंगण्यापर्यंत रांग लावली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक आमच्या दारावरून जाते आणि संध्याकाळी पोट्टे नंदी घेऊन घरोघर जातात. त्यानंतर शाळा उघडल्यावर बाईंनी बोजाऱ्याचा तक्ता करून घेतला, कोणाला नाणी किती, नोटा किती, चॉकलेटं किती. प्रत्येक नाण्यामागं एक चौकोन रंगवायचा. नातवानं घरी येऊन मले तो तक्ता समजावला, "आजी, हे उभे चौकोन पाह्य, पाच रुपयेवाले सगळ्यांत जास्त." मी सातवी शिकली आहे, पण आलेख म्हणतात ते काय, मले त्या दिवशी कळलं.

एक सांगू का? बोलावलं तर आम्ही येतो. कोणी बोलावतच नाही.

बाबा, अंबाझरीच्या खालच्या बाजूला राहणारा

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आमच्या भागातलं कोणी विसरणार नाही. अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंधारात पाणी घरात शिरलं. मुलगा तेव्हा लहान होता, नंतर कितीतरी दिवस जोराचा पाऊस आला की माझ्या खोलीत येऊन झोपायचा. आम्ही घरात तो विषय काढत नव्हतो.

यंदा तो चौथीत आहे. परिसर अभ्यासात पाण्याचा भाग चालू असताना त्याच्या सरांनी मुलांना एक काम दिलं. घरी विचारा, त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि तेवढ्या लांबीचा दोरा कापून आणा. ज्यांच्याकडे आलं नाही त्यांनी गाठ मारलेला दोरा आणायचा. मुलाने मला विचारलं तेव्हा मी क्षणभर थांबलो. मग भिंतीशी उभा राहून दाखवलं, कमरेच्या थोडं वर. त्याने स्वतः दोरा धरला, कापला.

त्या दोऱ्यांचं काय झालं ते पाहायला सरांनी एका शनिवारी आम्हाला बोलावलं. भिंतीवर मुलांनी हाताने काढलेला मोठा नकाशा होता. लाव्ह्याच्या टेकड्यांतून नाग नदी निघते, अंबाझरी लागतो, मग शहराच्या मधून पूर्वेकडे, पुढे पिवळी नदी मिळते, मग कन्हान, मग वैनगंगा. प्रत्येकाच्या घराच्या जागी त्याचा दोरा टांगलेला. नदीकाठचे दोरे लांब आणि जसजसं दूर जावं तसे आखूड, हे लांबूनच दिसत होतं. माझ्या मुलाने बोट ठेवून सांगितलं, "बाबा, आपलं घर उताराच्या खाली आहे. पाणी आपल्यावर रागावलं नव्हतं, त्याला जायला तिकडूनच वाट होती."

मी अभियंता आहे, नकाशावर सारखी उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा शिकलेलो आहे. शेजारी उभे असलेले तीन-चार पालक डोळे पुसत होते, मीही. आता पाऊस आला की तो खिडकीत उभा राहतो. भीती पूर्ण गेली असं नाही म्हणणार.

दोन लेकरांची आई, जरीपटका

सगळं छान आहे, पण फोटोंबद्दल कोणीतरी लिहायला हवं. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज फोटो येतात. तेच ते सहा-सात चेहरे. माझी धाकटी मागच्या बाकावर बसते, तिचा कोपरा कधीतरी दिसतो. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर ते फोटो फिरतात, स्टेटसला लागतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलं आहे, इथे कोणी साधं विचारतही नाही. रोजच्या फोटोंमधून मला ती काय शिकली हे कळत नाही. ती दिसली नाही एवढंच कळतं, आणि तिलाही.

जि. प. शिक्षक, भिवापूरकडचा

ताई, अगदी बरोबर. मी चेहरे घेतच नाही. हात, वही, फळा, मांडलेल्या बिया. आणि पटाच्या क्रमाने जातो, रोज दोघांचं काम. ज्याचं काम आहे त्याच्याच घरी पाठवायचं, ग्रुपवर नाही. त्यामुळे तुलना थांबली. वेळ लागतो, पण ग्रुपवर शंभर "छान छान" अंगठे येण्यापेक्षा एका आईचं "हे कसं केलं यानं?" मला जास्त उपयोगाचं आहे.

निवृत्त मुख्याध्यापिका, धरमपेठ

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, सदस्यांत निम्म्या महिला. तरी बहुतेक बैठकांत विषय कुंपण, पाण्याची टाकी, पोषण आहाराचा तांदूळ. आवश्यकच आहेत ते. आम्ही नियम केला होता की बैठकीची पहिली पंधरा मिनिटं एका वर्गाची. मुलं येणार, या महिन्यात काय शोधलं ते सांगणार, सदस्य प्रश्न विचारणार. शिक्षकाने मध्ये बोलायचं नाही, हे सगळ्यांत अवघड जायचं! पण त्यानंतर वाचनकोपऱ्यासाठी पैसे मागावे लागले नाहीत, समितीनेच विषय काढला.

वेळेचं म्हणाल तर उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की सातला वर्ग उघडा ठेवा. मजुरांच्या ठिय्यावर कामाला उभे राहणारे वडील जाता जाता मुलाला सोडतात, पाच मिनिटं आत येतात. दुपारी चारला ते कधीच येणार नाहीत.

तिसरीची बाई, नंदनवन

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचं "कोणी बोलावतच नाही" हे वाचून मी आजच वर्गातल्या दोन आजोबांना निरोप धाडला. एक घड्याळं दुरुस्त करायचे.

मार्चच्या सभेला सावलीच्या रेघा पुन्हा अंगणात आखणार आहोत, पालकांसमोर, मुलंच मोजतील. गुणपत्रक शेवटी. तोवर सगळ्यांत आखूड सावलीची वेळ सरकली आहे का तेही पाहू, जानेवारीचे आकडे शेजारी लिहून ठेवले आहेत. भिवापूरचे सर, आवाजाच्या संदेशासाठी मुलांना नेमके कोणते प्रश्न देता? आमच्याकडे मुलं फोन हातात आला की "नमस्कार, माझे नाव" याच्या पुढे जात नाहीत.

जि. प. शिक्षक, भिवापूरकडचा

नमस्कार बंदच करा ताई. तीन प्रश्न. आज काय करून पाहिलं? कुठं अडलं? आता आईला काय विचारायचं आहे? तिसरा कधीच वगळू नका, घरचं उत्तर त्याच्यामुळंच येतं. पहिल्या आठवड्यात जे लेकरू सगळ्यांत कमी बोलतं त्याला शाळा सुटल्यावर एकट्याला बसवून रेकॉर्ड करा, वर्गासमोर नाही.