एएनए पॉझिटिव्ह आलं म्हणजे ल्यूपसच का?

राजारामपुरीकर: वहिनींचं वय २९. दोन महिने बोटांचे सांधे दुखतात, सकाळी तासभर हात आखडलेले असतात, केसही गळतात. रक्ताची एएनए तपासणी (स्वतःच्याच पेशीकेंद्रांविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी) पॉझिटिव्ह: १:८०, म्हणजे नमुना ८० पट पातळ करूनही, आणि स्पेकल्ड, म्हणजे ठिपक्याठिपक्यांची. घरात सगळे घाबरलेत. स्टेरॉइड लगेच सुरू करावं का? पुढं काय तपासायचं?

तिकटीवरचा: दादा, १:८० वर कुणी ल्यूपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार, ठरवत नाही. धडधाकट शंभर माणसांत साधारण १३ जणांचं एएनए या पातळीला पॉझिटिव्ह येतं. थायरॉइड, टीबी, हिपॅटायटिस सी, काही औषधं यांनीही येतं. या तपासणीचा खरा उपयोग उलटा आहे: निगेटिव्ह आली तर ल्यूपसची शक्यता फार कमी होते. आधी रिपोर्टवर पद्धत बघा. हेप-२ या प्रयोगशाळेतल्या पेशींवरची इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकातून बघायची पद्धत) असेल तर ठीक. एलायझा या दुसऱ्या पद्धतीचा आकडा याच्याशी ताडून बघू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लघवी. ल्यूपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशीकेंद्रांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. त्यांची जाळी मूत्रपिंडात अडकतात आणि मूत्रपिंड दुखत नाही, त्यामुळं कळतच नाही. सकाळची पहिली लघवी, मधली धार घ्या. पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नका, रक्तपेशी उगाच दिसतात. प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.५ च्या वर गेलं तर वाट बघत थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. नमुना दोन तासांत सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. उशीर झाला की कास्ट (मूत्रपिंडाच्या नळ्यांत तयार झालेले सूक्ष्म साचे) विरघळतात आणि रिपोर्ट खोटाच 'नॉर्मल' येतो.

साखरपेठ_७: त्याच बरोबर रक्ताच्या तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), अँटी-डीएसडीएनए आणि अँटी-एसएम (ल्यूपसच्या खास अँटिबॉडी), सी३, सी४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं). अँटिबॉडींची जाळी सी३-सी४ खर्च करून टाकतात, म्हणून आजार जोरात असताना ते कमी होतात. अजून एक खूण: ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या तपासण्यांपैकी ईएसआर चढलेला, पण सीआरपी जवळपास नॉर्मल. सीआरपीही चढला असेल तर आधी संसर्ग शोधा.

ल्यूपस ओळखण्याच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १० गुण लागतात आणि एएनए फक्त दारातून आत येण्याचं तिकीट. वहिनींचे सांधे ६, केस २, म्हणजे ८. पांढऱ्या पेशी ४००० च्या खाली असल्या तर आणखी ३. पण त्या लक्षणाला दुसरं कारण सापडलं की ते गुण गेले. हे निकष मुळात संशोधनासाठी केलेत, निदान डॉक्टरच करतात.

राजारामपुरीकर: गालावर लालीपण आहे, सांगायचं राहिलं.

तिकटीवरचा: नाकाच्या बाजूनं ओठांकडं जाणारी घडी लाल आहे का? ल्यूपसची लाली ती घडी सोडते आणि उन्हानं वाढते. घडीतही लाल, खपल्या असतील तर दुसरंच काही. 'गोरेपणाची' क्रीम लावतात का तेही विचारा. त्यातल्या लपलेल्या स्टेरॉइडनंही तोंड लाल होतं.

आणि स्टेरॉइड रक्त-लघवीच्या आधी नको, खुणा पुसट होतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत किंवा संधिवाततज्ज्ञांकडं दाखवा.

साखरपेठ_७: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्यूपसवरचं नेहमीचं औषध लिहून दिलं तर दिवसाला किलोमागं ५ मिग्रॅच्या वर नको. ६० किलोला ३०० मिग्रॅ, म्हणजे २०० ची गोळी, एक दिवस एक, एक दिवस दोन. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, 'फरक नाही' म्हणून मध्येच सोडू नका. डोळ्यांचा पडदा पहिल्या वर्षातच तपासून ठेवा. पायावर सूज, फेसाळ लघवी किंवा बीपी वाढलं तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.